यंदा नाताळ नाही?

गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इयत्ता नववीच्या वर्गास मी 'माझ्या घरचा नाताळ' असा निबंध घातला होता. ज्यांच्या घरी नाताळ नसतो त्यांस 'माझ्या घरचा सण' लिहिण्याची मुभा होतीच. विषय काही नवा नव्हे. ज्या शाळेत दर वर्षी ख्रिस्तजन्माचा सोहळा होतो, तेथे हा निबंध कोणत्या ना कोणत्या वर्गाच्या वाट्यास यावयाचाच. वह्यांचा गठ्ठा घरी आणला आणि रात्री जेवणानंतर तपासावयास बसलो. नाशकातली थंडी मी म्हणत होती; परंतु आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत त्याहूनही कडक थंडी होती. पानोपानी बर्फ पडत होते! घरांच्या छपरांवर बर्फ, झाडांवर बर्फ. एका विद्वानाने तर हरणांची घसरगाडी थेट पंचवटीत आणून सोडली होती. गोदावरीच्या काठी बर्फ साचल्याचे आजवर कोणी ऐकले आहे काय?

हसत हसत वह्या तपाशीत असता एक वही हाती आली. तीत चारच वाक्ये होती. यंदा आमच्या घरी नाताळ नाही. आई तीन महिने आजारी होती. नवे कपडे नाहीत, फराळ नाही, पाहुणे येणार नाहीत. बाबा म्हणाले, पुढल्या वर्षी करू. 'आजारी' ह्या शब्दातील वेलांटी चुकली होती ती मी दुरुस्त केली, 'निबंध फार तोकडा. विस्तार करावा' असा तांबड्या शाईचा शेरा मारला, आणि वही मिटून पुढली घेतली. निजावयास गेलो तेव्हा तो शेरा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या मुलाने जे सांगितले होते त्याचा आणखी विस्तार तो काय करणार? विस्तार करावयाचा तर तो मीच करावयास हवा होता. हा लेख म्हणजे त्या तांबड्या शाईची भरपाई होय, असे वाचकांनी समजावे.

त्या चार वाक्यांत एक गोष्ट मोठी विचार करण्याजोगी आहे. कपडे, फराळ आणि पाहुणे ही तीन नाहीत, म्हणून नाताळच नाही, असा हिशेब त्या घराने मांडला होता. हा हिशेब एकट्या त्याच घराचा नव्हे. आपण सर्वच आपल्या मनात सणाचे एक चित्र बाळगतो, आणि प्रत्यक्ष दिवस त्या चित्रास जेवढा कमी पडेल तेवढा तो फसला असे समजतो. हल्ली तर दूरध्वनीच्या पडद्यावर दुसऱ्यांच्या घरचे नाताळ घटकेघटकेस पाहावयास मिळतात, आणि तेही त्या घरांतील पसारा, थकवा व भांडणे वगळून! तेव्हा हे चित्र आले कोठून, हे एकदा तपासून पाहणे बरे.

आज एखाद्या मुलास नाताळची लक्षणे विचारली तर तो भेटकार्ड, झाड आणि तांबड्या अंगरख्याचा म्हातारा ही तीन तरी सांगेलच. ह्या वस्तूंचे वय आपण मानतो त्याहून पुष्कळ कमी आहे. नाताळचे छापील भेटकार्ड पहिल्याने निघाले ते लंडनमध्ये, १८४३ साली. हेन्री कोल नामक गृहस्थास आपल्या सर्व स्नेह्यांस हाताने पत्रे लिहिण्यास सवड नव्हती, म्हणून त्याने हॉर्स्ली नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढवून त्याच्या प्रती छापून घेतल्या. म्हणजे आज जे अगत्याचे चिन्ह मानले जाते, त्याचा उगम वेळेच्या टंचाईत आहे! शृंगारलेले झाड जर्मन घरांत पूर्वीपासून असे. परंतु इंग्लंडात त्याचा सार्वत्रिक प्रसार झाला तो राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडासह काढलेले चित्र १८४८ साली एका सचित्र साप्ताहिकात झळकल्यानंतर. आणि तो गुबगुबीत, पांढऱ्या दाढीचा म्हातारा आजच्या रूपात लोकांच्या नजरेत भरला तो अमेरिकेतील थॉमस नास्ट ह्या व्यंगचित्रकाराच्या कुंचल्यामुळे. त्याची ही चित्रे १८६३ पासून निघू लागली. एकंदरीत ज्यास आपण 'खरा' नाताळ म्हणतो त्यास दोनशे वर्षेही झालेली नाहीत, आणि ख्रिस्तजन्मास तर दोन हजार वर्षे होऊन गेली.

१८४३ सालच्याच डिसेंबरात चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' ही गोष्ट प्रसिद्ध झाली. थाटाच्या नाताळचे खापर पुष्कळदा ह्या पुस्तकावर फोडले जाते. परंतु ज्यांनी ते लक्षपूर्वक वाचले आहे त्यांस त्यातील क्रॅचिट कुटुंब आठवत असेल. बाप तुटपुंज्या पगाराचा कारकून, मुले पुष्कळ, त्यांतील एक पांगळे. त्यांच्या मेजावर येणारे पुडिंग एवढ्या माणसांच्या मानाने लहान असते. पण ते लहान आहे असे त्या घरातील कोणी म्हणत नाही, मनातही आणीत नाही. साऱ्या पुस्तकात मला ही जागा सर्वांत अधिक आवडते. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनी सुटीत ते पुस्तक मिळवून वाचावे.

आता ह्याच्या अगदी उलट टोकाची एक हकीकत सांगतो. इंग्लंडात प्युरिटन पंथाचे वर्चस्व असता तेथील पार्लमेंटने १६४७ साली नाताळचा सण बंद केला होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली असा कायदा झाला की, जो नाताळ पाळील त्यास पाच शिलिंग दंड. हा कायदा १६८१ साली उठला खरा, तथापि लोकांची सवय लवकर गेली नाही. त्या प्रांतात नाताळची कायदेशीर सुटी १८५६ साली सुरू झाली. स्कॉटलंडात तर ती १९५८ सालापर्यंत नव्हती. आता ह्या गोष्टीचा आपल्याशी संबंध पाहा. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले आणि पुढे ज्यास अमेरिकन मराठी मिशन म्हणू लागले त्या कार्याचा आरंभ झाला. त्यांस पाठविणारे मंडळ बॉस्टनचे, आणि ती मंडळी ह्याच प्युरिटन वळणाची. डॉक्टर जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले ते स्कॉटलंडहून. म्हणजे मराठी भाषेत शुभवर्तमान सांगणाऱ्या पहिल्या पिढीतील कित्येकांच्या मायदेशी नाताळचा गाजावाजाच नव्हता! ज्यांच्यापासून आपण नाताळ शिकलो असे आपण समजतो, त्यांच्यापैकी पुष्कळांस आपल्या घरांतील आजची आरास पाहून नवल वाटले असते.

ह्यावरून कोणी असे समजू नये की, मी दंडाचा कायदा परत आणू पाहतो. आनंदाचाच धाक बाळगणारी धार्मिकता मला रुचत नाही. डिसेंबरात घरोघरी टांगलेल्या कागदी चांदण्या मला फार आवडतात, आणि केकचा तुकडा मी कधी नाकारला आहे असे आमच्या घरी कोणी म्हणणार नाही. सांगावयाचे ते इतकेच की, सण पाळण्याची रीत देशोदेशी व पिढ्यानपिढ्या बदलत आली आहे, आणि तिचे कोणतेही एक माप आकाशातून उतरलेले नाही.

आपल्या इकडचा नाताळ तरी एकाच साच्याचा कोठे आहे? 'नाताळ' हा शब्दच मुळी पोर्तुगीज भाषेतून आला. गोव्यात व वसईकडे मध्यरात्रीची उपासना आणि गव्हाणीचा देखावा ह्यांची परंपरा जुनी. फादर स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापून निघाले. त्यात ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत गाइली आहे. इकडे देशावर, नाशिक-अहमदनगरच्या बाजूस, आपल्या आज्यांनी सणासाठी काय केले? करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू! ज्या हातांस दिवाळीचा फराळ ठाऊक होता, त्या हातांनी नाताळचाही फराळ केला. केक हा आपल्या ताटातील मागाहून आलेला पाहुणा. आपल्या आज्यांनी परदेशी चित्रासारखे करावयाचे असा हट्ट धरला असता, तर आज आपणांपैकी अनेकांच्या तोंडी ती करंजीची चव नसती. जवळ जे आहे त्यात त्यांनी सण बसविला.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी हाती घेतली, ती सांगतो. ती आपल्याच गावची आहे.

शरणपूर रस्त्यावरून आपणांपैकी कित्येक जण रोज शाळेस येतात. त्या नावात एक इतिहास दडलेला आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशकात १८३२ पासून चालू होते. १८५४ च्या सुमारास तिच्या मिशनऱ्यांनी त्या वेळच्या गावाबाहेर शरणपूर ही वसाहत वसविली. तेथे अनाथ मुले राहत, शाळा शिकत, सुतारकी-लोहारकीसारखे हातचे काम शिकत. ह्या मुलांत आफ्रिकेची मुलेही होती. त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली गलबते जात. इंग्रज आरमार ती पकडी आणि सुटलेल्या मुलांपैकी काहींस मुंबईस आणून सोडी. ह्या मुलांस गाव आठवत असे पण त्याची वाट ठाऊक नसे. आईचा चेहरा आठवत असे पण ती जिवंत आहे की नाही हे कळण्यास मार्ग नसे. अशी मुले शरणपूरच्या आश्रमात वाढली, मराठी मुलखात लहानाची मोठी झाली.

ह्यांपैकी काही तरुण पुढे प्रसिद्ध प्रवासी डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांच्या तुकडीत आफ्रिकेत गेले. काही १८६६ च्या सफरीत त्यांच्याबरोबर निघाले होते. आणखी सहा जण १८७२ साली त्यांस जाऊन मिळाले. ह्या सहांत जेकब वेनराइट नावाचा तरुण होता. इंग्रजी पुस्तकांत ह्या सर्वांस 'नासिकची मुले' असेच म्हटले आहे. आपल्या गावाचे नाव त्या काळी असे दूरच्या अरण्यांत पोहोचले होते.

१८७२ चा नाताळ ह्या मंडळींस बांग्वेउलू सरोवराकडील वाटचालीत आला. पावसाळ्याचे दिवस, पाऊलवाटा चिखलाने भरलेल्या, लिव्हिंग्स्टन साहेबांची प्रकृती ढासळलेली. त्यांच्या रोजनिशीत त्या दिवसाची लहानशी नोंद आहे. त्यांनी देवाचे आभार मानले, एक जनावर कापून सर्वांस जेवण दिले, प्रत्येकास मण्यांचा वाटा दिला, कारण त्या मुलखात मणी हेच नाणे होते, आणि आजचा दिवस आपला मोठा सण म्हणून विसावा जाहीर केला. भोजन, थोडीशी भेट, आणि चालण्यापासून एक दिवस सुटका. एवढाच तो नाताळ. ज्या माणसाचे नाव साऱ्या युरोपात गाजत होते, त्याने आपल्या आयुष्यातील अखेरचा नाताळ असा पाळला.

पुढे १ मे १८७३ रोजी चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी त्यांचा अंत झाला. सोबतच्या माणसांनी त्यांचे हृदय तेथील एका झाडाखाली पुरले. जेकब वेनराइट ह्याने अंत्यविधीची उपासना वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली. नंतर त्यांनी तो देह वाळवून, झाडाच्या सालीत व जाड कापडात गुंडाळून समुद्रकिनाऱ्याकडे नेण्याचा निश्चय केला. हजार मैलांहून अधिक वाट, आजार, मृत्यू, वाटेतील गावांचा विरोध! ऑक्टोबरात तबोरा येथे लेफ्टनंट कॅमेरन ह्या इंग्रज अधिकाऱ्याची गाठ पडली. त्याने देह येथेच पुरावा अशी सूचना केली; ह्यांनी ती मानली नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते किनाऱ्यावरील बागामोयो येथे पोहोचले. पुढे जेकब त्या देहाबरोबर इंग्लंडास गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनविधी झाला तेव्हा शवपेटिकेचा मान धरणाऱ्यांत तोही होता.

मुलांनो, आता तारखा जुळवून पाहा. ऑक्टोबरात तबोरा, फेब्रुवारीत किनारा. १८७३ चा नाताळ ह्या नाशिकच्या मुलांस वाटेवरच आला. आदल्या वर्षी ज्याने त्यांस जेवू घालून मण्यांचा वाटा दिला होता, त्याच माणसाचा देह आता त्यांच्या खांद्यावर होता. त्यांपैकी कोणासही आईबाप नव्हते, घर नव्हते. जे घर म्हणून ठाऊक ते शरणपूर समुद्रापलीकडे राहिले होते. तो नाताळ लहान होता की मोठा? हा प्रश्न मी स्वतःस पुष्कळदा विचारला आहे. आपण ज्या मापाने मोजतो त्या मापाने तो नाताळ नव्हेच. परंतु ज्या दिवशी त्यांनी आपल्या माणसास सोडून दिले नाही, त्या दिवसास 'नाताळ नाही' असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही.

मूळ कथेकडे वळले तरी हेच दिसते. लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताच्या जन्माची जागा गुरांच्या गव्हाणीपाशी, आणि पहिले पाहुणे रात्रपाळीचे मेंढपाळ. पुढे बाळास यरुशलेमेच्या मंदिरात नेले तेव्हा आईबापांनी दिलेले अर्पण पक्ष्यांच्या जोडीचे होते. नियमशास्त्राप्रमाणे ज्यांस कोकरू परवडत नसे त्यांच्यासाठी ही सवलत होती. योसेफ आणि मरीया ह्यांनी ती सवलत घेतली. कोकरासाठी कर्ज काढले असे कोठे लिहिलेले नाही!

हे आता पालकांसाठी. गरिबास साधेपणाचा उपदेश करणे फार सोपे असते, आणि तो करणाऱ्याचे पोट बहुधा भरलेले असते, हे मी जाणतो. आपण होऊन लहान केलेला सण आणि परिस्थितीने लहान केलेला सण ह्यांत अंतर आहे. ज्या मुलास नवा सदरा मिळणार नाही त्याचे वाईट वाटणे खरे आहे. त्यास 'त्यात काय एवढे' म्हणून उडवून लावू नये. परंतु माझा अनुभव असा की, मुलास सदरा न मिळाल्याचे दुःख चार दिवसांत निवते. घरात काहीतरी लपविले जात आहे, आणि त्याविषयी विचारावयाचे नाही, हे दुःख मात्र लांबते. म्हणून डिसेंबर लागताच मुलांस जवळ घेऊन सरळ सांगावे: यंदा इतके पैसे आहेत, आईस इतकी शक्ती आहे, ह्यात काय ठेवावयाचे ते आपण मिळून ठरवू. पुष्कळदा मुलांची निवड ऐकून आपण चकित होतो. ज्या चार पदार्थांसाठी आई रात्री जागते, त्यांपैकी तीन मुलांस नकोच असतात. ते असतात शेजारच्या ताटात पाठविण्यासाठी.

'लोक काय म्हणतील' ही अपेक्षा सर्वांत चिवट. ती एका दिवसात सुटत नाही, आणि सुटत नाही म्हणून स्वतःवर रागावण्याचेही कारण नाही. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. जन्म १८६८ चा. त्यांच्या माहेरी सोवळ्याचा कडकडाट इतका की, बाजारातून आणलेले जिन्नस धुतल्यावाचून चालत नसे. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक ह्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि सुमारे पाच वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. पुढे त्या त्यांच्याकडे राहावयास गेल्या तरी आरंभी आपले सोवळे व आपली चूल त्यांनी निराळीच ठेवली होती. मनात घट्ट बसलेले एकेक बंधन त्यांनी एकेक करून, विचार करीत, कधी स्वतःस हसत सोडले. आणि ज्या पुस्तकात ही हकीकत आहे ते वाचताना वाचकही त्यांच्याबरोबर हसतो. सणाच्या थाटाचे सोवळेही असेच एकेक गाठीने सुटावयाचे. यंदा पाहुण्यांचे ताट कमी करावे. पुढल्या वर्षी आणखी काही.

मुलांसही थोडे सांगावयाचे आहे. सणाच्या दिवशी आपली आई कोठे असते, हे ह्या खेपेस डोळे उघडे ठेवून पाहा. बहुतेक घरांत ती स्वयंपाकघरात असते, आणि रात्री छायाचित्र काढावयाच्या वेळी पदर सारखा करीत बाहेर येते. थोर थोर अपेक्षांची किंमत कोण देते, ह्याचे उत्तर तेथे सापडेल. नारळ किसणे, पाणी भरणे, भांडी पुसणे ही कामे मुलग्यांस वर्ज्य आहेत असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले माझ्या पाहण्यात नाही.

आता त्या चार वाक्यांच्या निबंधाचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. नाताळच्या दिवशी सायंकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे घर. दारावर गेल्या वर्षीची चांदणी टांगलेली; तिचे एक टोक फाटलेले आणि त्यास वहीच्या कागदाचे ठिगळ. वडिलांनी दार उघडले, "सलाम सर, या," म्हणाले, आणि मी बसण्यापूर्वीच, "यंदा काहीच केलेले नाही हो," असे ओशाळून सांगू लागले. आई खाटेवर शाल पांघरून बसली होती. तिचा आवाज अजून बारीक होता. ती म्हणाली, "काहीच नाही कसे? करंज्या केल्यात की."

करंज्या केल्या होत्या त्या वडिलांनी आणि मुलांनी. सकाळच्या उपासनेहून आल्यावर आईची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून घेतली होती. तेथून तिने सांगावे आणि ह्यांनी करावे. वडिलांनी सुके खोबरे किसले, धाकट्या मुलीने पाऱ्या लाटल्या, आणि आमच्या विद्यार्थ्याने सारण भरून कडा मुडपल्या. एकूण एकोणीस झाल्या. त्यांपैकी सात तेलात उकलल्या. बशीतील करंज्यांचा आकार भूमितीच्या कोणत्याही पुस्तकात बसणारा नव्हता. एकीत सारणच नव्हते, आणि ती नेमकी माझ्या वाट्यास आली.

चहा घेता घेता मी मुलास विचारले, "मग, कसा गेला दिवस?" तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, आई आज दिवसभर आमच्यात बसली होती." करंज्या होत असता आईने तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या होत्या: अहमदनगरकडील तिचे खेडे, पहाटे टाळमृदंग घेऊन घरोघर भजने गात फिरणारी मंडळी, आणि एका नाताळला विहिरीत पडलेला कंदील. ह्यांपैकी एकही गोष्ट त्या मुलांनी पूर्वी ऐकली नव्हती. दर वर्षी त्या दिवशी तिला बोलावयास सवड कोठे असे? कंदिलाची गोष्ट धाकटीने मला पुन्हा पहिल्यापासून सांगितली, आणि आईने मध्ये मध्ये तिच्या चुका दुरुस्त केल्या.

निघताना मुलगा मला पोहोचविण्यास रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, "सर, तो निबंध पुन्हा लिहून आणला तर चालेल का?"

मी म्हटले, "सुटीनंतर आण."

जानेवारीत त्याने वही आणून दिली. साडेचार पाने होती. बर्फाचा कोठे मागमूस नव्हता. विहीर होती, कंदील होता, उकललेल्या सात करंज्यांचा हिशेब होता. 'आजारी' ह्या शब्दाची वेलांटी ह्याही वेळी चुकली होती. ती मी तशीच राहू दिली.